साहेबाच्या पोराची देवी

"रडायचं नाही हं," विष्णुपंत यल्लीला म्हणाले आणि त्यांनी सुई तिच्या दंडावरच्या फोडाला लावली. यल्ली रडली नाही. निवडुंगाच्या कुंपणाअलीकडे उभी राहून रडत होते ती मी.

विष्णुपंत सबनीस म्हणजे देवीचे डॉक्टर. हिवाळाभर गावोगाव हिंडून मुलांना देवी काढायच्या, म्हणजे देवीची लस टोचायची, ही त्यांची सरकारी नोकरी. त्या काळी लस बाटलीतून येत नसे. एका मुलाला टोचलं की आठव्या दिवशी त्याच्या दंडावरच्या फोडांत पाणी धरे. ते काढायचं, काचेच्या दोन पट्ट्यांमध्ये धरायचं आणि वाळायच्या आत दुसऱ्या मुलाला टोचायचं. एकाच्या दंडातून दुसऱ्याच्या दंडात, अशी ती लस गावांमागून गावं चालत जायची. पण आपल्या पोराच्या दंडाला हात लावू द्यायला कुणी तयार नसे. त्याच्या अंगातली ताकद जाते, असं लोक समजत.

"झालं," विष्णुपंत म्हणाले. त्यांनी काचेच्या पट्ट्या रुमालात गुंडाळल्या आणि यल्लीच्या हातावर गुळाचा खडा ठेवला. यल्लीने तो तोंडात टाकला, चुन्याचं घमेलं डोक्यावर घेतलं आणि बांधाकडे चालू लागली.

ही अठराशे ब्याऐंशी सालची गोष्ट. मी तेव्हा नऊ वर्षांची होते. वऱ्हाळ्याच्या धरणाचं काम चाललं होतं आणि माझे वडील, आम्ही त्यांना अप्पा म्हणायचो, इंजिनीयरसाहेबाच्या कचेरीत हेडक्लार्क होते. टेकडीवर साहेबाचा बंगला, उतारावर आम्हा कारकुनांची कौलारू घरं, आणि निवडुंगाच्या पलीकडे नदीपर्यंत वडारांची पालं. पहाटे कामाची घंटा व्हायची ती सगळ्यांना एकच ऐकू यायची. तेव्हा साहेबाचा जॉर्जीबाबा मच्छरदाणीत झोपलेला असायचा. उन्हं कलली की त्याला तट्टावर बसवून पट्टेवाला बांधावरून फिरवून आणायचा. मी घंटेला उठून आत्याच्या पूजेसाठी फुलं काढायची, चंदन उगाळायचं, धाकट्या भावाला, दिगूला, तोंड धुवायला न्यायचं. यल्ली त्याआधीच चुन्याच्या घाणीवर पोचलेली असे. बैल दगडी चाक ओढायचे, त्याखाली चुना मळला जायचा, आणि तिच्याएवढी दहाबारा पोरं तो घमेल्यांतून गवंड्यांकडे पोचवायची. दिवस मावळेपर्यंत.

आमची मैत्री कुंपणावरून झाली. मी सागरगोटे खेळत होते आणि एक गोटा पलीकडे गेला. तिने तो परत टाकला, वर हसून म्हणाली, "हे कसले गोटे? थांब." दुसऱ्या दिवशी तिने पाच दगड आणून कुंपणाच्या बुडाशी ठेवले. घासून घासून गुळगुळीत केलेले, एकासारखा एक. तिचा बाप पाथरवट होता, तिला दगडातलं कळायचं. ती मला मथाक्का म्हणायची. माझं नाव मथुरा.

तर त्या सकाळी मी डोळे पुसत मागच्या दाराने घरात आले, आणि पुढच्या दाराने विष्णुपंत आले.

"आणली का?" अप्पांनी विचारलं.

"आणली. ताजी आहे. लगेच टोचायला हवी."

"बंगल्यावरूनच ना?" आत्याने स्वयंपाकघराच्या दारातून विचारलं. आत्या म्हणजे अप्पांची थोरली, विधवा बहीण. अप्पांची आई त्यांच्या लहानपणीच गेल्यामुळे त्यांना तिनेच वाढवलं होतं. घरात शब्द तिचा चालायचा.

"खुद्द जॉर्जीबाबाच्या दंडावरची," विष्णुपंत म्हणाले. "विलायतेहून नळीतून आलेली लस त्याला टोचली होती. आज आठवा दिवस."

मी विष्णुपंतांकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या परकराला निवडुंगाचे काटे लागलेले होते. त्यांच्या लक्षात आलं असावं, कारण माझ्याकडे पाठ करून ते रुमाल सोडू लागले.

आठवडाभर घरात ह्याच गोष्टीवर वाद झाला होता. वडारांच्या पालांत देवीने दोन मुलं गेली होती. आत्या म्हणायची, म्लेंच्छाच्या अंगातलं पाणी आपल्या मुलाच्या अंगात कसं घालायचं? अप्पा म्हणायचे, "ताई, ते राज्यकर्ते आहेत. मोठमोठ्या संस्थानिकांनी घेतलीय. वर गंगा शिंपडू." शेवटी दिगूसाठी ती तयार झाली. दिगू चार वर्षांचा. दोन भावंडं गेल्यावर झालेला. आत्याच्या मांडीवरच तो वाढला होता. आत्याच्या स्वतःच्या चेहऱ्यावर देवीचे खड्डे होते आणि ती कधी आरशासमोर उभी राहत नसे.

"आधी पोरीला टोचा," आत्या म्हणाली. "तिला काही झालं नाही, तर मग बाळाला."

मला पाटावर बसवलं. तीन टोचे. मग थोडा वेळ सगळे माझ्याकडे बघत बसले. मला काही होत नाहीसं पाहून दिगूला पुढे आणलं. तो किंचाळला. माझ्या आईने त्याचं तोंड पदरात घेतलं.

कुंपणाशी पाहिलेलं सांगायचं मला सुचलंच नाही. उलट आत कुठेतरी मौज वाटत होती. माझ्या आणि यल्लीच्या दंडात आता एकच होतं, आणि ते फक्त मला माहीत होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी यल्ली कुंपणाशी आली. एका हाताने दुसरा दंड धरून.

"काय गं?"

"चुना जातोय आत, मथाक्का. आग हुतीया. हात वर जाईना."

तिने दंड दाखवला. फोड फुटले होते आणि त्यांच्या कडांवर चुन्याचं पांढरं साचलं होतं. बाजूचं मांस लाल आणि टणक झालेलं.

"आईला दाखव ना."

"आई बांधावर हाय. मुकादम म्हनला, घमेलं टाकलंस तर काढून टाकीन."

मी घरात गेले. देवघराच्या फडताळातून खोबरेलाची वाटी उचलली, केळीच्या पानाच्या तुकड्यावर तेल ओतलं आणि कुंपणाजवळ नेऊन दिलं. मग मला राहवेना. निवडुंगातून हात घातला आणि स्वतःच्या बोटांनी तिच्या दंडाला तेल लावलं. तिने डोळे मिटून घेतले होते.

"मथे!"

आत्या मागच्या दारात उभी होती.

यल्ली पळाली. आत्याने मला हाताला धरलं नाही, धरता येत नव्हतं. ती पुढे आणि मी मागे, अशा आम्ही विहिरीवर गेलो. पौषातलं पाणी. तिने माझ्या डोक्यावर घागर ओतली. "पुन्हा." दुसरी ओतली. "पुन्हा." माझे दात वाजायला लागले. देवघरातली वाटी बाहेर फेकली गेली होती आणि आत्या बडबडत होती, "वडारणीला शिवलीस! त्याच हाताने उद्या फुलं काढशील! सासरी काय म्हणतील?"

दिगू पायरीवर बसून दूध पीत होता. त्याला मजा वाटली. तो टाळ्या वाजवून ओरडला, "मथी बाटली! मथी बाटली!"

मला आजही ते दिसतं. त्याच्या ओठांवर दुधाची मिशी होती.

"मग त्यालाही घाला आंघोळ!" मी ओरडले. "त्याच्या दंडात यल्लीचीच देवी आहे! साहेबाच्या पोराची नाही! मी डोळ्यांनी पाहिलंय, विष्णुपंतांनी तिच्याच हातातून काढली!"

आत्याच्या हातातली घागर तशीच राहिली.

अप्पा नुकतेच जेवायला आले होते. पागोटं काढून ते ओसरीवर उभे होते. आत्या त्यांच्याकडे वळली.

"गोविंदा, काय म्हणतेय ही?"

अप्पा पागोटं खुंटीला अडकवू लागले.

"बोलाव त्या सबनिसाला."

विष्णुपंत धर्मशाळेत उतरले होते. पट्टेवाला त्यांना घेऊन आला तेव्हा शेजारच्या दोन कारकुनांच्या बायकाही आमच्या दारात जमल्या होत्या. आत्याने विष्णुपंतांना विचारलं, आणि त्यांनी आधी अप्पांकडे पाहिलं. अप्पांची नजर जमिनीला होती.

"बंगल्यावरचीच आहे," विष्णुपंत म्हणाले.

"जानव्याला हात लावून सांगा."

विष्णुपंतांचा हात सदऱ्यापर्यंत गेला आणि तिथेच थांबला.

"नाही, ताईबाई," ते शेवटी म्हणाले. "वडाराच्या मुलीची आहे. बंगल्यावरची मिळाली नाही. साथ पुढे सरकतेय, म्हणून मी... मी फसवलं तुम्हाला. माझं एकट्याचं काम. पण आता हात लावू नका. पाया पडतो. आठ दिवस त्या दंडाला हात लावू नका."

आत्या आत गेली. बंबातली राख काढल्याचा आवाज आला. ती रडत होती, आणि रडतरडत मोलकरणीला सांगत होती, "बिब्बा आण. सुई तापव." टोचलेलं राखेने घासून काढायचं आणि वर बिब्ब्याच्या तेलाने डागायचं, म्हणजे ती देवी अंगातून जाईल, असं तिला वाटत होतं.

आई दिगूला घट्ट धरून कोपऱ्यात उभी होती. "अहो," ती अप्पांना म्हणाली. चारचौघींसमोर ती अप्पांशी कधी बोलत नसे. "अहो, ऐका ना. बोला ना काहीतरी."

अप्पा बोलले, पण तिच्याशी नाही.

"मथीचं बघायला नको, ताई," ते म्हणाले. "तिची उठलीच नाही. मी सकाळी पाहिलं, कोरडी आहे."

मला आश्चर्य वाटलं. माझ्या दंडावर तीन लालबुंद पुळ्या आल्या होत्या, आणि सकाळी अप्पांनी माझा हात पाहिलाच नव्हता.

मग ते माझ्याकडे वळले. असा आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. "इथे काय उभी आहेस? कचेरीत माझी छत्री राहिलीय. जा, घेऊन ये. धाव."

छत्री दाराच्या कोपऱ्यात उभी होती. मला दिसत होती. पण मी ओल्या परकरानेच धावले. निम्म्या वाटेवर पोचले असेन, तेव्हा दिगूची किंकाळी ऐकू आली. मी कानांवर हात ठेवून कचेरीपर्यंत गेले आणि पायरीवर बसून राहिले. परत आले तेव्हा त्याच्या दंडाला शेणाचा लेप होता आणि त्यातून बिब्ब्याचा काळा डाग दिसत होता. तो आत्याच्या मांडीवर हुंदके देतदेत झोपला होता. आत्या त्याच्या कपाळावरून हात फिरवत होती.

दुसऱ्या दिवशी कचेरीतून हुकूम आला आणि मुकादमाने वडारांची तीन पालं उठवली. यल्लीचं त्यांत होतं. सकाळी मी फुलं काढत होते तेव्हा ती कुंपणाशी आली. दंडाला चिंधी गुंडाळली होती.

"मथाक्का, आमी काय केलं?"

मी जास्वंदी तोडत राहिले.

"मथाक्का, बाप इचारतोय. कामात काय चुकलं का? सांग की."

परडी अजून भरली नव्हती, तरी मी घरात गेले.

फाल्गुनात साथ कारकुनांच्या घरांत आली. दिगूला ताप भरला आणि चौथ्या दिवशी अंगावर पुरळ उठलं. आत्या नऊ दिवस पाण्यावर राहिली, उशाशी कडुलिंबाचे डहाळे धरून बसली. दिगूचे डोळे सुजून मिटले होते. तो मला हाका मारायचा, आणि मी त्याच्या अंथरुणाशी बसायचे. त्याचा हात धरून मी तिथेच झोपायचे. मला काही झालं नाही. शेजारणी म्हणायच्या, पोरीवर देवीची कृपा आहे. नवव्या दिवशी दुपारी दिगू गेला.

त्यानंतर आईने मला एकदाच विचारलं. मी भांडी घासत होते. ती मागे येऊन उभी राहिली.

"तू गप्प का नाही बसलीस, मथे?"

तिने मला कधी मारलं नाही, रागावली नाही. पण त्या दिवसापासून तिने माझी वेणी घातली नाही. मी सासरी निघाले तेव्हा ओटी भरली ती शेजारच्या काकूंनी. मी बाळंतपणाला माहेरी गेले नाही, कुणी बोलावलंही नाही.

एकवीस वर्षं अशी गेली. माझं सासर वाईला. माझ्या मुलांना देवी काढायची वेळ आली की मी आतल्या खोलीत जाऊन बसायचे. माझ्या जिभेने भाऊ मारला, हे मला रोज माहीत असायचं, जसं आपलं नाव माहीत असतं.

मग आत्या वारली. तेरावा उरकल्यावर अप्पा अचानक वाईला आले, एकटे. पेन्शन घेऊन आईला घेऊन साताऱ्याला राहत होते ते. खूप थकले होते. दुपारी माझ्या घरचे पुरुष बाहेर गेल्यावर ते म्हणाले, "मथे, बस इथे."

मी बसले.

"मला माहीत होतं."

"काय?"

"ती लस वडाराच्या पोरीची, हे. मीच सांगितलं होतं विष्णुपंतांना."

माझ्या हातात सुपारीचा अडकित्ता होता. तो मी खाली ठेवला.

"साहेबाच्या मडमेने ऐनवेळी नाही म्हटलं," अप्पा सांगू लागले. "साहेब मला म्हणाला, माझ्या मुलाचा हात म्हणजे गावची विहीर नव्हे. विष्णुपंतांकडे दुसरं मूल नव्हतं. वडारांतल्या त्या एकाच पोरीची चांगली उठली होती. साथ दाराशी आलेली. ताईला खरं सांगितलं असतं तर तिने विष्णुपंतांना घरात पाऊल टाकू दिलं नसतं. मी म्हटलं, बंगल्यावरची म्हणून सांगा. विष्णुपंत आधी तयार नव्हते."

"मग त्या दिवशी का बोलला नाहीत?"

"बायका जमल्या होत्या दारात. प्रायश्चित्त, वाळीत टाकणं, तुझं लग्न ठरलेलं... हे सगळं डोळ्यांसमोर आलं. आणि ताई. तिच्यासमोर मला कधी बोलताच आलं नाही, मथे. मला वाटलं, तीन दिवस झालेत. लस आत गेली असेल. वरून खरवडलं तरी आतली राहील. असं मी स्वतःला समजावलं. आणि तुला तेवढं बाहेर काढलं. तुझ्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. तुला वाचवता आलं."

छत्रीचा अर्थ मला तेव्हा कळला.

"आणि यल्लीचं पाल?" मी विचारलं. "ते का उठवलंत?"

बाहेर नदीवर कुणीतरी कपडे आपटत होतं.

"मी स्वतः गेलो होतो त्यांच्या पालावर. तिच्या बापापुढे हात जोडले होते. म्हटलं, माझ्या दोन लेकरांसाठी तुझ्या पोरीचा हात दे. त्याने लगेच दिला. उद्या ताईने त्यांना विचारलं असतं, तर त्यांनी खरं सांगितलं असतं."

मी उठले. मला त्यांच्याबद्दल काय वाटत होतं ते आजही नीट सांगता येत नाही. त्यांनी मला वाचवलं होतं. आणि एकवीस वर्षं त्यांनी मला त्यांच्या जागी उभं केलं होतं. दोन्ही खरं होतं.

"आईला सांगितलंत हे?"

"नाही."

"मग मला कशाला सांगता? आईला सांगा."

"आता ह्या वयात, मथे..."

"गाडी जोडायला सांगते," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही साताऱ्याला पोचलो. मला दारात पाहून आई चकित झाली. ती तांदूळ निवडत बसली होती. मी तिच्यासमोर बसले. अप्पा उंबऱ्यातच उभे राहिले आणि तिथूनच त्यांनी सांगितलं, काल मला सांगितलं तसंच. काही गाळलं नाही. मधे एकदा ते अडले, तेव्हा मी म्हटलं, "पालावर गेला होतात ते सांगा." त्यांनी तेही सांगितलं.

आईची बोटं सुपात फिरत होती. ती थांबली नाहीत. अप्पांचं बोलणं संपल्यावरही बराच वेळ ती खडे वेचत राहिली.

मग तिने मला विचारलं, "त्या पोरीचं नाव काय होतं?"

"यल्ली."

"यल्ली," आई म्हणाली. आमच्या घरात ते नाव मी सोडून कुणी कधी उच्चारलं नव्हतं. "तिच्या दंडाचं काय झालं? बरा झाला का?"

"माहीत नाही, आई. मी तिच्याशी बोलले नाही. ती विचारत होती, आणि मी घरात निघून आले."

आईने माझ्याकडे पाहिलं. एकवीस वर्षांत तिने माझ्याकडे असं सरळ पाहिलं नव्हतं. सूप बाजूला ठेवून ती स्वयंपाकघरात गेली आणि तिने भात चढवला. मी तिच्यामागे जाऊन बसले. आम्ही दोघींनी भाजी चिरली. अप्पा ओटीवर बसून होते.

स्वयंपाक झाल्यावर आईने पाट मांडले. दोन. समोर दोन पानं मांडली आणि भात वाढला.

"बस," ती मला म्हणाली.

मी ओटीकडे पाहिलं. दार उघडं होतं. अप्पांना तिथून सगळं दिसत होतं. आजवर आई त्यांच्या आधी कधी जेवली नव्हती. आई माझ्या शेजारच्या पाटावर बसली, भातावर तूप घातलं, आणि आम्ही दोघी जेवायला लागलो.